विश्लेषण : ११३ वर्षांनी सापडलेला रानपिंगळा यावलच्या जंगलात टिकेल का?

सातपुड्याच्या रांगेत, यावल-रावेरच्या केळीच्या बागांच्या उत्तरेला, जगातील दुर्मीळ घुबडांपैकी एकाचे घर आहे. शंभराहून अधिक वर्षे कोणालाच न दिसलेला आणि म्हणून नामशेष झाल्याचे मानले गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि खान्देशचे नाव जगभरातील पक्षी अभ्यासकांपर्यंत पोहोचले. २०१८ मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा एका पायरीने कमीही झाला. मात्र ज्या जुन्या, पोकळ झाडांच्या ढोलीत तो अंडी घालतो, तीच झाडे जंगलातून सर्वांत आधी जातात. पक्षी सापडला, पण त्याचे रान किती दिवस उरेल, याविषयी…

रानपिंगळा म्हणजे नेमका कोणता पक्षी?

रानपिंगळ्याला इंग्रजीत फॉरेस्ट आऊलेट म्हणतात. मराठीत काही ठिकाणी त्याला वनपिंगळा असेही म्हटले जाते. हे सुमारे २३ सेंटीमीटर लांबीचे, म्हणजे साधारण साळुंकीएवढे, पण अंगाने जाड घुबड आहे. गावाजवळच्या आंब्यावर, चिंचेवर किंवा पडक्या भिंतीत दिसणारा नेहमीचा ठिपकेदार पिंगळा त्याचा जवळचा नातेवाईक. दोघे दिसायला इतके सारखे, की नवख्याची फसगत होते.

फरक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळपास एकरंगी, राखाडी-तपकिरी असतो. त्याच्या छातीचा वरचा भाग गडद तपकिरी, पोट पांढरे, पंख आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात. डोके व चोच शरीराच्या मानाने मोठी आणि पायांवर दाट पिसे असतात. शेपटी डावी-उजवीकडे झटकण्याची त्याला सवय आहे.

सर्वांत मोठे वेगळेपण त्याच्या वेळापत्रकात आहे. घुबड म्हटले की रात्र, असे समीकरण डोक्यात असते. रानपिंगळा मात्र दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर तो उघडपणे बसलेला दिसतो आणि तिथूनच जमिनीवरच्या भक्ष्यावर झेपावतो. सरडे आणि सापसुरळ्या हे त्याचे महत्त्वाचे खाद्य. उंदीर, बेडूक, नाकतोडे आणि इतर मोठे कीटकही तो खातो.

तो ‘हरवला’ कसा?

या पक्ष्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधील बसना भागात मिळवला. पुढच्या वर्षी, १८७३ मध्ये, ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ही नवी प्रजाती असल्याचे जाहीर केले आणि तिला ब्लेविट यांचे नाव दिले. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. राजकारणाच्या आधी ते देशातील आघाडीचे पक्षीतज्ज्ञ म्हणून ओळखले जात.

त्यानंतर खान्देशात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र नोंदी थांबल्या. जगभरातील संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते. जिवंत पक्ष्याचे छायाचित्र नव्हते, आवाजाचे ध्वनिमुद्रण नव्हते, घरट्याची माहिती नव्हती. सालिम अली आणि अमेरिकी पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनी घेतलेला शोधही निष्फळ ठरला.

खोट्या नोंदीने शोध कसा भरकटवला?

१८८४ नंतरची एकच नोंद अभ्यासकांसमोर होती. रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी (गुजरात) येथे रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. त्याच्या संग्रहात तसा नमुनाही होता. त्यामुळे पक्षी विसाव्या शतकात आणि त्या भागात होता, असे धरून चालले जात असे.

अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला. पक्ष्याच्या कातडीत भुसा भरून, टाके घालून नमुना तयार करण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतःची पद्धत असते. मांडवीचा म्हणून दाखवलेल्या नमुन्याची मूळ शिवण डेव्हिडसन यांच्या पद्धतीची निघाली. ब्रिटनच्या संग्रहालयातून खान्देशचाच जुना नमुना चोरून, तो नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये ‘आयबिस’ या संशोधनपत्रिकेत हे प्रकरण सविस्तर मांडले.

या फसवणुकीचा परिणाम गंभीर होता. पक्षी कोणत्या काळात, कोणत्या प्रकारच्या जंगलात राहतो याची जी थोडीफार माहिती होती, तिच्यातच भेसळ झाली होती. ती नोंद बाजूला काढल्यावर उरल्या त्या फक्त एकोणिसाव्या शतकातील अस्सल नोंदी आणि त्यातल्या बहुतेक खान्देशकडे बोट दाखवत होत्या.

१९९७ मध्ये शहाद्याजवळ काय घडले?

नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. जुन्या अस्सल नमुन्यांवरची ठिकाणे शोधत जायचे, अशी त्यांची साधी योजना होती. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी काही हाती लागले नाही. मग ते पश्चिमेला, खान्देशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी बेन किंग यांना झाडावर उन्हात बसलेले एक घुबड दिसले. माथ्यावर ठिपके नव्हते, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले होते. तो रानपिंगळाच होता. शेवटच्या अस्सल नोंदीला ११३ वर्षे झाली होती. त्याच वेळी त्याचे चित्रीकरण व छायाचित्रणही झाले, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

त्या भागातील आदिवासी पिढ्यानपिढ्या याच जंगलात वावरत होते आणि पक्षीही तिथेच होता. तो हरवला होता तो नोंदवहीतून.

आज तो कुठे आहे आणि किती आहे?

पुनर्शोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पाहणी केली. उत्तर महाराष्ट्र आणि नैर्ऋत्य मध्य प्रदेशातील चार ठिकाणी मिळून त्यांना २५ पक्षी आढळले. पुढे गिरीश जठार, प्राची मेहता, जयंत कुलकर्णी आदी अभ्यासकांच्या कामातून चित्र अधिक स्पष्ट झाले. नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा आणि तोरणमाळ, जळगावचे यावल, अमरावतीचे मेळघाट, मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर आणि खंडवा या पट्ट्यात तो आढळला. २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. गुजरातच्या डांग भागातही तो दिसला.

हा विस्तार मोठा वाटला तरी सलग नाही. एका जंगलात काही जोड्या, मग शेती, गावे, रस्ते आणि पुढे पुन्हा दुसऱ्या जंगलात काही जोड्या, अशी त्याची वस्ती तुकड्या-तुकड्यांची आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) यादीसाठी केलेल्या अंदाजानुसार जगात त्याचे २५० ते ९९९ प्रौढ पक्षी आहेत. हा पक्षी भारताबाहेर कुठेही नाही. म्हणजे कमाल आकडा धरला तरी जगातील सगळे प्रौढ रानपिंगळे मोजून एका मध्यम शाळेच्या पटाएवढेच भरतील.

दर्जा सुधारला म्हणजे धोका टळला का?

२०१८ पूर्वी रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ गटात होता. नामशेष होण्याआधीची ती शेवटची पायरी. २०१८ मध्ये त्याला ‘संकटग्रस्त’ या एक पायरी खालच्या गटात ठेवण्यात आले. ही बातमी अनेक ठिकाणी ‘रानपिंगळ्याची संख्या वाढली’ अशा अर्थाने वाचली गेली. प्रत्यक्षात तसे नाही. अभ्यासकांनी अधिक ठिकाणी शोध घेतला, अधिक पक्षी सापडले आणि एकूण संख्या आधी समजली जात होती त्यापेक्षा जास्त असल्याचे दिसले. माहिती वाढली, म्हणून दर्जा बदलला. जंगल कमी होण्याची प्रक्रिया मात्र थांबलेली नाही.

त्याच वर्षी आणखी एका जुन्या वादाचा निकाल लागला. हा पक्षी इतका वेगळा मानला जाई, की त्याला ‘हेटेरोग्लॉक्स’ नावाच्या स्वतंत्र कुळीत ठेवले जात असे. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासातून तो नेहमीच्या पिंगळ्याच्याच ‘अथीनी’ कुळीत बसत असल्याचे स्पष्ट झाले. कायद्याच्या दृष्टीने त्याचे स्थान भक्कम आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, त्याला संरक्षण आहे.

त्याला कोणत्या प्रकारचे जंगल लागते?

या पक्ष्याचे भवितव्य समजून घेण्यासाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ‘जंगल’ या एका शब्दात अनेक प्रकार येतात. रानपिंगळ्याला दाट, अंधारे, सदाहरित जंगल लागत नाही. त्याला हवे असते ते सातपुड्यातले कोरडे, पानगळीचे, सागबहुल आणि थोडे मोकळे जंगल. झाडांमध्ये अंतर हवे, म्हणजे उंच फांदीवरून खालची जमीन दिसते. खाली गवत आणि पालापाचोळा हवा, कारण सरडे, सापसुरळ्या आणि उंदीर तिथेच असतात.

आणि सर्वांत आवश्यक गोष्ट म्हणजे ढोली. घुबडाची चोच लाकूड पोखरण्यासाठी नसते. सुताराने कोरून सोडलेली किंवा फांदी तुटून, लाकूड कुजून तयार झालेली पोकळी त्याला लागते. रानपिंगळ्याचा विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे. याच काळात पोपट, मैना, नेहमीचा पिंगळा असे इतर पक्षीही ढोल्यांच्या शोधात असतात. म्हणजे ढोल्या कमी झाल्या की स्पर्धा वाढते आणि संख्येने कमी असलेला पक्षी मागे पडतो.

ढोली लहान झाडाला नसते. साग रुजल्यापासून त्यात घुबडाला पुरेल अशी पोकळी होईपर्यंत अनेक दशके जातात. त्यामुळे तोडलेल्या एका पोकळ झाडाची भरपाई पावसाळ्यात लावलेली शंभर रोपे करू शकत नाहीत. निदान या घुबडाच्या पुढच्या कित्येक पिढ्यांसाठी तरी नाही. उलट मोकळ्या जागी दाटीने एकाच जातीची रोपे लावली, तर भक्ष्य दिसण्यासाठी लागणारी मोकळी जमीनही जाते. वृक्षलागवडीचे आकडे आणि रानपिंगळ्याचे हित या दोन गोष्टी एकाच दिशेने जातीलच असे नाही.

यावल अभयारण्यात अडचण काय आहे?

यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर असून उत्तरेची सीमा मध्य प्रदेशला भिडते. सुकी आणि अनेर या नद्यांचे खोरे, पाल हे थंड हवेचे ठिकाण, सागाचे डोंगर आणि पावरा, बारेला, भिल्ल, तडवी समाजाच्या वस्त्या अशी या भागाची ओळख आहे.

कागदावर अभयारण्य असले तरी जंगलावरचा ताण मोठा आहे. शेतीसाठी अतिक्रमण, सागाची चोरटी तोड, उन्हाळ्यातील वणवे, सरपण आणि चराई ही यावलची जुनी दुखणी आहेत. वनकर्मचारी आणि अतिक्रमणधारक यांच्यातील संघर्षाच्या बातम्याही जळगावकरांना नव्या नाहीत. दोन राज्यांची सीमा लागून असल्याने लाकूड आणि माणसे दोन्ही सहज इकडून तिकडे जातात. एका बाजूने कारवाई झाली की दुसऱ्या बाजूला आसरा मिळतो.

रानपिंगळ्यावर याचा परिणाम दोन प्रकारे होतो. डोंगरउतारावर शेत तयार करताना मोठ्या झाडांची साल गोल काढून ती वाळवली जातात किंवा मुळाशी जाळली जातात. तिथे ढोल्याच उरत नाहीत. दुसरीकडे, जंगल शाबूत असले तरी वाळलेले, पोकळ झाड सरपणासाठी सर्वांत आधी निवडले जाते. ओल्या झाडाला हात लावायचा नाही, वाळलेले चालेल, असा समज सगळीकडे आहे. माणसाच्या हिशेबाने तो समंजसपणाच. घुबडाच्या हिशेबाने मात्र ते वाळलेले झाड म्हणजे राहते घर.

अतिक्रमण की हक्क?

या प्रश्नाची ही सर्वांत नाजूक बाजू आहे. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचे वनहक्क मान्य करणारा कायदा २००६ मध्ये झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असलेल्या पात्र आदिवासी कुटुंबाला कमाल चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. अभयारण्यातील रहिवासीही यातून वगळलेले नाहीत. पिढ्यानपिढ्या जंगलात राहूनही कागद नसलेल्यांना न्याय देणे, हा कायद्याचा हेतू.

अडचण होते ती कटऑफ तारखेनंतरच्या जमिनींबाबत. दावा खरा की नंतरचा, हे ठरवायला पुरावा हवा आणि डोंगरातल्या माणसाकडे तो क्वचितच असतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याबाबत आदेश दिला आणि देशभरातील विरोधानंतर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. तेव्हापासून सातपुड्यातही अनिश्चितता आहे. दावा प्रलंबित असताना कोणाला हटवता येत नाही आणि दावा प्रलंबित आहे या आडोशाने नवी तोडही होत राहते. यात खरा हक्कदार आणि घुबड दोघांचेही नुकसान होते.

याच कायद्याची दुसरी बाजू मात्र फारशी चर्चेत येत नाही. त्यात ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळतो आणि जंगल, वन्यजीव व जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा अधिकारही मिळतो. कोणते झाड सरपणाला न्यायचे आणि कोणते ढोलीसाठी ठेवायचे, हा निर्णय शेवटी जंगलात रोज जाणाऱ्या माणसाच्या हातात असतो. तो निर्णय ग्रामसभेने स्वतः घेतला, तर तो वनरक्षकाच्या दंडापेक्षा जास्त टिकण्याची शक्यता आहे.

तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाचा यात संबंध काय?

१० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी तापी खोरे मेगा रिचार्ज प्रकल्पाच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. खंडवा आणि अमरावती जिल्ह्यांच्या सीमेवर, खारिया गुटीघाट येथे तापीवर बंधारा बांधून दोन्ही बाजूंच्या कालव्यांतून पाणी आणायचे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी ते जमिनीत मुरवायचे, अशी ही योजना आहे. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी वापरले जाणार असून महाराष्ट्रातील २ लाख ३४ हजार ७०६ हेक्टर क्षेत्राला लाभ होईल, असे जाहीर करण्यात आले. मोठ्या धरणाऐवजी बंधारा आणि भूजल भरण असा बदल केल्याने बुडणारे क्षेत्र कमी होईल, असे दोन्ही सरकारांचे म्हणणे आहे.

यावल, रावेर आणि चोपडा तालुक्यांसाठी हा प्रकल्प जिव्हाळ्याचा आहे. तरीही रानपिंगळ्याच्या दृष्टीने दोन प्रश्न उरतात. बंधाऱ्याची जागा मेळघाट आणि खंडव्याच्या जंगलांच्या मधोमध येते आणि हे दोन्ही त्याचे महत्त्वाचे अधिवास आहेत. अप्पर तापी प्रकल्पाच्या आधीच्या आराखड्याबाबतही हीच चिंता व्यक्त झाली होती. दुसरे म्हणजे कालवे. जंगल आणि शेताच्या सीमेवरून जाणारा लांब कालवा, त्याच्या बाजूचा रस्ता आणि बांधकामाची वर्दळ यांमुळे तुकड्यांत विभागलेली वस्ती आणखी तुटू शकते. पर्यावरण मंजुरीच्या टप्प्यावर ढोलीच्या झाडांची मोजणी झाली, तर कालव्याची रेषा थोडी सरकवणे शक्य असते. काम सुरू झाल्यावर ते अवघड होते.

अमेरिकेतील दोन पक्ष्यांच्या उदाहरणातून काय दिसते?

विशिष्ट प्रकारच्या जंगलावर अवलंबून असलेला छोटा पक्षी वाचवता येतो का, याचे उत्तर उत्तर अमेरिकेतील दोन रानगायकांच्या कथेत सापडते. बॅकमन्स वॉर्ब्लर हा पिवळ्या रंगाचा चिमुकला पक्षी अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलीच्या जंगलात वीण करी आणि हिवाळ्यात क्युबाला जाई. ती जंगले शेती व लाकडासाठी साफ झाली. कायदेशीर संरक्षण मिळाले तेव्हा फार उशीर झाला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने ज्या २१ प्रजाती नामशेष म्हणून संरक्षित यादीतून काढल्या, त्यांत हा पक्षी होता.

दुसरा कर्टलंड्स वॉर्ब्लर. तो मिशिगन राज्यातील जॅक पाइन या झाडांच्या कोवळ्या रानात, साधारण ५ ते २० वर्षे वयाच्या झाडांखाली जमिनीवर घरटे करतो. झाडे मोठी झाली की तो ती जागा सोडतो. पूर्वी वणव्यांमुळे कोवळी राने आपोआप तयार होत. वणवे आटोक्यात आणल्यावर ती थांबली. १९७४ आणि १९८७ च्या गणनेत गाणारे नर फक्त १६७ उरले होते. मग वनखात्याने ठरवून दरवर्षी काही भागात झाडे तोडून नवी लावायला सुरुवात केली आणि घरट्यात अंडी घालून पळणाऱ्या काऊबर्ड पक्ष्यांवर नियंत्रण आणले. नरांची संख्या दोन हजारांपुढे गेली आणि २०१९ मध्ये त्याला संकटग्रस्त यादीतून वगळण्यात आले. काम मात्र आजही सुरू आहे, कारण ते थांबले की पक्षी पुन्हा घटेल हे तिथे मान्य केले गेले आहे.

दोन्ही पक्ष्यांना कायदा एकच होता. एकाच्या बाबतीत ‘त्याला नेमके काय लागते’ हे वेळेत कळले आणि ते पुरवले गेले. कर्टलंडला कोवळे रान हवे होते, रानपिंगळ्याला जुने झाड हवे आहे. उपाय उलटा आहे, धडा तोच.

अंधश्रद्धेचा धोका किती?

मराठी मुलखात पिंगळा हा शब्द दुहेरी आहे. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा, पक्ष्याच्या बोलीवरून भविष्य सांगणारा भिक्षेकरी म्हणजेही पिंगळाच. लक्ष्मीचे वाहन म्हणून घुबडाला मान आहे, पण त्याच कारणाने दिवाळीच्या सुमारास त्याचा जीवही घेतला जातो. गुप्तधन, करणी, औषध अशा नावांखाली घुबडाचे पंख, नखे, डोळे विकले जातात. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक इंडिया’ने २०१० मध्ये देशातील घुबडांच्या बेकायदा व्यापारावर अहवाल काढला होता.

दिवसा, उघड्या फांदीवर बसणारा रानपिंगळा गलोलीलाही सोपा सापडतो. संख्या काही शेकड्यांत असलेल्या पक्ष्यासाठी एका गावातील एक जोडी मारली जाणे हीसुद्धा मोठी हानी आहे. पुण्याजवळ पिंगोरी येथे ‘इला फाउंडेशन’ने सुरू केलेला उलूक महोत्सव हा शाळकरी मुलांपासून ही भीती घालवण्याचा एक प्रयत्न आहे. असा उपक्रम सातपुड्याच्या आश्रमशाळांत पोहोचला, तर त्याचा उपयोग अधिक होईल.

केळी उत्पादकाने घुबडाची चिंता का करावी?

सातपुड्याच्या पायथ्याशी दगड, गोटे आणि वाळूचा जाड थर आहे. त्याला भूगर्भशास्त्रात बझाडा पट्टा म्हणतात. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी या थरातून खाली मुरते आणि विहिरी-बोअरपर्यंत पोहोचते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीचे गणित याच पाण्यावर उभे आहे. गेल्या काही दशकांत पाणीपातळी खोल जात असल्यामुळेच मेगा रिचार्जची मागणी पुढे आली.

डोंगरावर झाडे आणि पालापाचोळा असेल तर पाणी अडते, हळूहळू उतरते. उतार उघडा पडला तर तेच पाणी काही तासांत गाळासह नाल्यातून वाहून जाते आणि सुकी, मोरसारख्या धरणांत गाळ साचतो. ज्या जंगलात रानपिंगळा अजून पिले वाढवतो, ते जंगल पाणी धरण्याच्याही स्थितीत असते. म्हणून त्याची उपस्थिती ही पाणलोट शाबूत असल्याची एक खूण मानता येते. हजारो कोटींचे कालवे काढून पाणी मुरवायचे आणि वरचा डोंगर उघडा पडू द्यायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे.

पुढे काय करता येईल?

पहिले काम म्हणजे ढोलीच्या झाडांची नोंद. मोबाइलमधील जीपीएसच्या मदतीने प्रत्येक बीटमधील जुनी, पोकळ झाडे टिपणे आज वनरक्षकाला आणि गावातील तरुणालाही शक्य आहे. अशा झाडांवर खूण करून ती तोडण्यातून, सरपणातून आणि वणव्यातून वगळता येतात. झाडाच्या बुंध्याभोवतीचा पाला उन्हाळ्याआधी बाजूला केला, तरी आगीपासून ते वाचू शकते.

दुसरे काम सरपणाचा पर्याय देणे. गॅसची टाकी एकदा मिळून भागत नाही, ती पुन्हा भरणे डोंगरातल्या कुटुंबाला परवडले पाहिजे. तिसरे म्हणजे वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली काढणे. ज्याचा हक्क खरा, त्याला तो मिळाला की नवी तोड कोणाची, हे स्पष्ट दिसेल. चौथे, यावल आणि मध्य प्रदेशच्या वनविभागांची संयुक्त गस्त आणि एकत्रित पक्षी गणना. घुबडाला राज्याची सीमा कळत नाही.

पक्षी पाहायला जाणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. रानपिंगळा दिसला तर छायाचित्र दुरून घ्यावे. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नये, कारण विणीच्या काळात त्यामुळे तो घरटे सोडून बाहेर येतो. घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. नोंद वनविभाग किंवा अभ्यासकांना कळवावी.

येत्या काळात तापी प्रकल्पाच्या मंजुऱ्या, वनहक्क दाव्यांचे निकाल आणि अभयारण्याचे व्यवस्थापन या तिन्ही आघाड्यांवर निर्णय होतील. त्या फाइलींमध्ये ‘किती हेक्टर जंगल’ असा रकाना असतो. त्याच्या शेजारी ‘किती ढोलीची झाडे’ हा रकानाही आला, तर यावलच्या रानपिंगळ्याला पुन्हा शंभर वर्षे शोधत फिरण्याची वेळ येणार नाही.